हॅपी सरांचं खरं आडनाव

"हॅपी सर खलास, साब," लिफ्टपाशी वॉचमन म्हणाला. त्यात अनादर नव्हता; त्याला तोच शब्द सुचला. झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

दुबईत, अल बर्शातल्या आमच्या इमारतीत ते समोरच्या दारात एकटे राहत. शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या एकाच कंपनीत आम्ही होतो, त्यांच्याच गाडीतून जायचो. त्यांच्या आडनावाचं स्पेलिंग सगळे 'हॅपिसबर्ग' असं वाचत. वॉचमननं त्याचं हॅपी सर केलं, मग ऑफिसनंही तेच उचललं. खरा उच्चार हेझबरा. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या गावाचं ते नाव. हॅप नावाच्या कुणाची तिथं गढी होती म्हणे. "म्हणजे आमच्या नेरूरकरासारखंच," मी म्हणालो. "पण नेरूरात कुणी कुणाला नेरूरकर म्हणत नाही. गाव सोडलं की चिकटतं." "माझं गाव समुद्रात पडतंय," ते म्हणाले, "थोडं थोडं करून." बहीण वारल्यापासून त्यांचं नाव नीट म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. मी ऑफिसात उच्चार दुरुस्त करू लागलो, तर म्हणाले, "राहू दे. हॅपी बरा आहे."

शेवटचे आमच्याकडे चहाला आले, तेव्हा म्हणाले, "काल जिन्यात कुणीतरी हाक मारली. हेझबरा. अगदी नीट."

मी जिन्यात नव्हतो. सुनीताला, माझ्या बायकोला, तो उच्चार कधीच जमला नाही.

"कितीदा मारली?" तिनं विचारलं.

"एकदाच."

"आमच्या कोकणात एका हाकेला ओ देत नाहीत, हॅपीसाहेब. माणूस असला तर पुन्हा हाक मारतो."

ते हसले. "हे आधी सांगायचं ना, वहिनी. मी लगेच ओ दिली. इतक्या वर्षांनी कुणी नीट म्हणालं होतं."

ते वारल्यावर मी वॉचमनकडे जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. हेझबरा उतरताना थांबतात, वर बघतात, काहीतरी बोलतात. वर कुणी नाही. त्या कॅमेऱ्यात आवाज येत नाही. यातून मी काही निष्कर्ष काढत नाही. पाहिलं तेवढं लिहिलं.

दफनाच्या वेळी पाद्रीबाबांनी कागदावरचं नाव वाचलं... हॅपिसबर्ग. ते नाव नीट म्हणू शकणारा तिथं मी एकटाच होतो. मी गप्प राहिलो असतो, तर त्या जिन्यानंतर ते कुणी म्हटलंच नसतं. सगळ्यांची माती टाकून झाल्यावर मी पुढे निघालो, तेव्हा सुनीतानं माझी बाही धरली. ती सोडवून मी वाकलो आणि म्हणालो, "हेझबरा." मग, ही माणसाची हाक आहे हे त्यांना कळावं म्हणून, पुन्हा एकदा.