उपासाच्या दिवशीची गोळी

जालन्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या डोक्याचा एमआरआय उजेडाच्या पाटीवर लावला. काळ्या रानात कुठंकुठं कापूस फुटावा तसे पांढरे ठिपके. मी आपली बघतच राह्यले. मंग त्या म्हणाल्या, "याला स्मॉल व्हेसल डिसीज म्हणतात." म्हणजे मेंदूतल्या केसाएवढ्या नसा कडक होतात, रक्त पुढं सरत न्हाई, अन् तेवढी जागा सुकते.

मी गेल्ते ते नातीचं नाव विसरले म्हणून. राधा पुढ्यात बसलेली, तिची वेणी माझ्या हातात, अन् नाव काही येईना. तेव्हापासून एकच भीती. आज नाव गेलं, उद्या तिचं तोंडही अनोळखी झालं तर?

बीपीची गोळी तर चालूच होती. तरी एक दिवस वर, एक दिवस खाली. माझी सून सुनीता महिनाभर घरीच बीपी मोजून वहीत लिहीत होती. वही पाहून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "सोमवारी अन् चतुर्थीला काय करता?"

"उपास."

"अन् गोळी?"

"न्हाई घेत, उपास मोडतो. दुसऱ्या दिवशी दोन घेते. बराबर होतं."

सुनीता म्हणाली, "गोळीनं मोडतो, अन् चार कप चहानं न्हाई मोडत का, आत्याबाई?"

डॉक्टरीणबाई हसल्या न्हाईत. म्हणाल्या, "वाढलेला बीपी वाईटच. पण असा खालीवर होणारा नसांना आणखी झिजवतो. राहिलेली गोळी दुसऱ्या दिवशी जोडून घ्यायची न्हाई. बिलकुल न्हाई."

बायांनो, तुम्हाला खरं सांगते. दोन गोळ्या घेऊन देवापुढं बसले की अंग हलकं व्हायचं. घंटी पाण्याखालून वाजल्यासारखी. समईची एक ज्योत दोन व्हायची, मंग तीन, अन् भिंत हळूहळू लांब जायची. मला वाटायचं, कालचा उपास देवाला पावला. तो तर बीपी पडायचा. हे कळलं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसून रडले. ठिपक्यांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं.

ठिपके जाणार न्हाईत. वाढू द्यायचे न्हाईत, एवढंच हातात आहे. आता उपासालाही गोळी घेते, तुम्हीही आपल्या डॉक्टरला विचारा.

परवा चतुर्थीला राजूरला गेलो. गणपतीपुढं ज्योत एकच दिसली, काहीच तरंगलं न्हाई. हात जोडून घरातल्या एकेकाचं नाव सावकाश घेतलं, राधापासून. कुणाचंच राह्यलं न्हाई. शेवटी डॉक्टरीणबाईंचंही घेतलं.