सुराला दहापैकी नऊ

बबन खोब्रागडे मस्कतमध्ये येऊन अठरा वर्षं झाली होती. तिथल्या कुरुम भागातल्या एका बांधकाम कंपनीत ते नकाशे काढायचे, पण मराठी मंडळात त्यांची ओळख पेटीवाले म्हणूनच होती. भंडाऱ्याला असताना, तरुणपणी, ते भीमगीतांच्या पार्टीत पेटीला बसत. पुढे रीतसर शिकून परीक्षाही दिल्या. कुणी बेसूर गायलं की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, मग समोर लग्नाचा मांडव असो की मंत्री.

त्या वर्षी मंडळानं आखातातल्या मराठी मंडळांसाठी संगीत नाटकांची स्पर्धा ठेवली. सगळ्यांना मस्कतला आणणं परवडणारं नव्हतं. म्हणून प्रत्येकानं आपल्या गावी प्रयोग करायचा, त्याचं चित्रीकरण पाठवायचं आणि इथल्या परीक्षकांनी ते घरी बसून पाहायचं, असं ठरलं. गायनाचा निकाल एकट्या बबनरावांवर सोपवला. ते खूश झाले. कलाकारांची यादी हातात आली तेव्हा मात्र ते पहिल्याच नावावर अडले. मस्कतच्या नाटकाची नायिका झरीन होती, त्यांच्या कंपनीचे मॅनेजर यासिर यांची बायको.

यासिर मूळचे रत्नागिरीकडचे, बोलायला मोकळे. पण त्या दिवसांत कुणाचं कंत्राट वाढवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं याची यादी त्यांच्याच टेबलावर होती. बबनरावांच्या खात्यातले दोघे आधीच गेले होते. बबनरावांचं रेसिडेंट कार्ड फेब्रुवारीत संपत होतं आणि लगेच पुढे मुलीची, मैत्रीची, बारावीची परीक्षा होती.

त्यांनी मंडळाच्या सचिवांना फोन लावला. "साहेबांच्या घरचं माणूस आहे हो. मला मोकळं करा."

"बबनराव, इथं कुणाचा ना कुणाचा साहेब असणारच! गाण्यातलं कळणारे तुम्हीच. आता नाही म्हणालात, तर का म्हणालात याची चर्चा होईल."

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जिन्यातच यासिर भेटले. "बबनभाई, नाटक तुमच्याकडे आलंय म्हणे. आमच्या घरात दोन महिने दुसरा विषय नाही. तुम्ही बघताय म्हणजे मला काळजी नाही." एवढं बोलून ते निघूनही गेले. काळजी नाही म्हणजे काय, हे बबनराव दिवसभर चघळत बसले.

शुक्रवारी दुपारी त्यांनी नाटक लावलं. पहिल्या अंकात, नवरा दर्यावर गेलेली बाई दारात उभी राहून गाते. झरीनचा आवाज मोठा नव्हता, पण शब्द असा सोडायची की बबनरावांचा हात मांडीवर आपोआप ठेका धरू लागला. त्यांना हायसं वाटलं. मग तिसरा अंक आला. पद चढत चढत वरच्या सा पर्यंत जायचं होतं. आवाज चढला, आणि सा च्या जरा खालीच थांबला. कॅमेरा नेमका त्याच क्षणी प्रेक्षकांकडे वळला होता. लोक टाळ्या वाजवत होते. बबनरावांच्या कानाला आणखी एक गोष्ट लागली. पेटी गप्प झाली होती. साथीदारानं हात काढून घेतला होता, कारण पेटीचा सा वाजला असता तर बाईंचा उघडा पडला असता. बबनरावांनीही गाणाऱ्यांना असं कितीदा झाकून घेतलं होतं.

आतल्या खोलीतून मैत्री ओरडली, "बाबा, ती फ्लॅट गेली ना?"

"तू अभ्यास कर."

"पण गेली ना?"

त्यांनी हेडफोन लावला. ती जागा त्यांनी चार वेळा ऐकली. चारही वेळा सा खालीच होता. मग बहरीनचं नाटक पाहिलं. त्यात रशीदा नावाची एक शाळेतली बाई गायली होती. आवाज थोडा घोगरा, पण एक सूर जागचा हलला नाही.

गुणांच्या कागदावर झरीनच्या सुरापुढे त्यांनी सहा लिहिले. चहा घेऊन आलेल्या प्रमिलानं, त्यांच्या बायकोनं, ते वाचलं.

"सहा? तुमचा कान तुमच्यापाशी ठेवा. पोरीची परीक्षा होऊ द्या."

"आणि रशीदाबाई?"

"त्यांचा साहेब वेगळा आहे."

बबनरावांनी सहा खोडून नऊ लिहिले.

निकाल मस्कतमधल्याच रुवीच्या एका हॉलमध्ये लागला. झरीन पहिली, रशीदा दुसरी. मोठ्या पडद्यावर, बहरीनहून जोडलेल्या रशीदाबाई मनापासून टाळ्या वाजवत होत्या. बबनराव मान खाली घालून बाहेर पडत होते, तेवढ्यात झरीननं त्यांना दाराशी गाठलं.

"सर, तिसऱ्या अंकात माझा सा खाली राहिला ना? पेटी थांबली तेव्हाच मला कळलं. तुम्ही पेटीवाले, तुम्हाला कळलं नसेल असं होणार नाही."

दोन पावलांवर यासिर पुष्पगुच्छ धरून हसत उभे होते. बबनरावांनी तिकडे पाहिलं.

"नाही हो. छान लागला."

"बरं," झरीन म्हणाली, आणि वळली.

पंधरा दिवसांनी, सरकारी कागदपत्रं करून आणणाऱ्या कंपनीच्या मंदूबनं नवं कार्ड आणून टेबलावर टाकलं. "खलास, दोन वर्षं!" सोबतच्या कंत्राटाच्या प्रतीवर यासिर यांची सही होती. तारीख पाहून बबनराव सुन्न झाले. नाटक त्यांच्या हाती येण्याच्या आठवडाभर आधीच सही झाली होती.

तो दिवस त्यांनी कसाबसा काढला. संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या झरीनला मेसेज लिहिला. "तुम्ही विचारलंत ते खरं होतं. वरचा सा खाली होता. पण पहिल्या अंकातलं पद तुमच्यासारखं कुणीच गायलं नाही. त्या दिवशी बोलायला हवं होतं, माफ करा."

उत्तर लगेच आलं.

"कार्ड आलं वाटतं, सर."

त्यांनी दोनदा काही तरी लिहिलं, दोन्ही वेळा पुसलं. मग सचिवांना फोन करून विचारलं, निकालात चूक झाली असेल तर दुरुस्ती करता येते का?

सचिव मोठ्यानं हसले. "कसली दुरुस्ती? पहिल्यांदाच निकालावर एकही तक्रार नाही. कमिटीनं पुढच्या वर्षीही तुम्हालाच धरलंय. नाव टाकू ना?"

मागच्या गाडीवाल्याला गाडी बाहेर काढायची होती, तो हॉर्न वाजवत होता. बबनरावांनी गाडी सुरू केली.

"टाका," ते म्हणाले.