फुलंब्रीची विलायती लॉरी

निवृत्तीनंतर मी जुन्या विलायती लॉऱ्यांच्या बारक्या प्रतिकृती करू लागलो. तशी एक खरी लॉरी फुलंब्रीजवळच्या शेतात उभी आहे असं कळलं, म्हणून मापं घ्यायला गेलो. लॉरीच्या मालकीणबाई एकट्याच राहत होत्या आणि लॉरीत कोंबड्या ठेवत होत्या. त्यांचे यजमान पूर्वी तिच्यातून शहागंजच्या बाजारात कांदा न्यायचे.

प्रतिकृती तयार झाल्यावर मी ती त्यांना दाखवायला नेली. त्यांनी ती हातात घेऊन चाकं फिरवून पाहिली.

"लई चांगली जमली," त्या म्हणाल्या. "पण ही मोठी चालती व्हईल का?"

"इंजिन जाम झालंय, मावशी."

"मग मोकळं करा की. कोंबड्यांची सोय मी दुसरीकडं लावते."

मग दर रविवारी मी आणि बायको तिथं जाऊ लागलो. ती गंज घासायची, मी पत्रा ठोकायचो. जे भाग कुठंच मिळेनात, ते लेथवाल्याकडून घडवून घेतले. गेल्या महिन्यात इंजिन एकदाचं धडधडलं.

मावशी लुगडं सावरत केबिनमध्ये चढल्या. यजमानांबरोबर जाताना त्या नेहमी मागं कांद्याच्या पोत्यांवरच बसायच्या.

"डांबरी रस्त्यापर्यंत तरी चला," त्या म्हणाल्या.

आम्ही थेट फुलंब्रीच्या बाजारात जाऊन चहा घेतला.