कार्ल्याच्या अलीकडे लागलेला लाल दिवा

तळेगावातून निघताना आईनं बॉनेटवरून हात फिरवला आणि डाव्या सीटवर बसली. बाबांना जाऊन आठ महिने झाले होते. मी बंगळूरला, आईला गाडी येत नाही. बाबांची पन्नास वर्षांची मोटार सोसायटीत धूळ खात पडली होती. लोणावळ्याचे एक काका ती जपायला तयार होते. अट एकच, ती धडधाकट चालत दारात यायला हवी. नाहीतर भंगारवाला टपून बसलेलाच होता.

वडगाव, कान्हे मागे पडलं. रस्त्याकडेची भातं पिवळी पडू लागली होती. कामशेतला गरम भजी घेतली, पण आईनं एकच खाल्लं. बाबांच्या गाडीत खायला बंदी होती, आणि ती अजून पाळत होती.

कामशेत सोडलं आणि समोर डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. बॅटरी भरत नाही, एवढा अर्थ मला ठाऊक होता. उतरून बॅटरीच्या तारा हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. फ्यूज धड होते. माझी अक्कल तिथंच संपली. दिवा तसाच घेऊन, जीव मुठीत धरून कार्ला फाट्यापर्यंत आलो.

तिथं पत्र्याच्या शेडमध्ये एक म्हातारे मिस्त्री होते. सगळे त्यांना आबा म्हणत. गाडी बघून ते खुलले.

"लय दिसांनी बघितली अशी गाडी. चालू ऱ्हाऊ द्या, ताई."

त्यांनी तारेला बल्ब जोडून डायनामोला (इंजिनाच्या जोरावर वीज तयार करणारं यंत्र) लावला. मी इंजिनाचा वेग वाढवला, तरी बल्ब मिणमिणताच.

"डायनामो खराब आहे का?" मी घाबरून विचारलं. त्याचे सुटे भाग आता कुठून आणणार?

"आदी बंद करा. डायनामोचा पट्टा बघतो." पट्ट्यावरून फिरवलेलं बोट त्यांनी मला दाखवलं. बोट तेलकट, केशरी झालं होतं. "ह्यो शेंदूर कुनी लावला?"

मला हसू फुटलं. आई मात्र पदराचं टोक पिळत होती.

"मी लावला," ती म्हणाली. "दसऱ्याला. हे दरवर्षी पूजेआधी बॉनेट उघडून त्या पट्ट्याला काहीतरी चोळायचे. मी खिडकीतून बघायचे. यंदा ते नाहीत, म्हटलं राहायला नको."

आबांनी जरा विचार केला. "मावशी, मालक काय करायचे?"

"शाळेत शिक्षक होते."

"मंग खडू चोळत असतील. पट्टा किरकिरू न्हाई म्हनून. तेलानं तर घसरतोय, डायनामो फिरंल कसा?"

"खडू होय," आई म्हणाली आणि बाकड्यावर बसली.

आबांनी पट्टा काढला, साबणाच्या पाण्यानं धुतला, पुसून पुन्हा ताणून बसवला. इंजिन सुरू केलं, बल्ब लख्ख पेटला आणि लाल दिवा विझला. मला आनंद व्हायला हवा होता. पण आता गाडी द्यायला काही अडचण उरली नव्हती.

लोणावळ्याला काकांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मी किल्ली दिली. फाटकाबाहेर पडता पडता आई मागे वळली.

"पट्ट्याला खडू लावत जा," ती त्यांना म्हणाली. "तेल नको." त्या गाडीबद्दल तिला कुणाला काही सांगताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

परतीच्या लोकलमध्ये बसायला जागा होती. मळवलीच्या पुढे आई हळूच म्हणाली, "चाळीस वर्षं शेजारी बसले. काय चोळता, एवढंसुद्धा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं गं त्यांनी?"

बाबा बॉनेट उघडताना कुणालाही जवळ फिरकू देत नसत. हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"सांगितलं असतं," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि तळेगाव येईपर्यंत माझा हात सोडला नाही.