लेकीचं बाळंतपण

साठी ओलांडली तरी माझी अक्कल शाळकरीच होती. परळच्या आमच्या इमारतीत नव्याने राहायला आलेल्या निवृत्त शिक्षिका केनियाला निघाल्याचं कळलं आणि मी मजलाभर सांगून टाकलं, "लेकीचं बाळंतपण, दुसरं काय!" एकट्या राहतात म्हणजे विधवा, हेही मीच ठरवलेलं. वर डिंकाचे लाडू घेऊन त्यांच्या दारात उभी.

बाईंना प्रत्येक वाक्यामागे 'कळलं?' विचारायची सवय. "तिथल्या शिक्षकांना वर्गात कॉम्प्युटर वापरायला, वर्षाचे पाठ आखायला शिकवणार. कळलं? बिनपगारी. कळलं? आणि वहिनी, माझं लग्नच झालेलं नाही."

या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. मी लाडवांचा डबा पुढे केला.

बाईंनी डबा घेतला, झाकण दाबून पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "सकाळपासून सगळे विचारतायत. माझ्या लेकीचं नाव काय ठेवलंत, तेवढं सांगा."