बाईंना बाहेर बसवलं

“बाई, तुम्ही बाहेर बसा. त्या समोरच्या चहावाल्याकडे बाक आहे, तिथे.”

सुमतीबाई उठल्या नाहीत. त्यांनी रणदिवे साहेबांकडे पाहिलं. साहेब केंद्र सरकारच्या ऑफिसातून मोठ्या पोस्टवरून रिटायर झालेले. वय अठ्ठ्याहत्तर. अशा माणसाला माझ्यासारख्या टेबलवाल्याचं बोलणं सहन होत नाही.

“सावंत, ती माझ्यासोबत आलीय. इथेच बसेल.”

“मग काम होणार नाही,” मी म्हणालो.

नोएडात सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसबाहेर एका शेडमध्ये माझं टेबल आहे. मी दस्तलेखक. घराची खरेदी, भाडेकरार, मृत्युपत्र यांचे कागद तयार करतो. इथले लोक मला मुंशीजी म्हणतात. शाळा सहावीपर्यंत, दिल्लीत पहाडगंजच्या मराठी शाळेत. पुढे वडील गेले आणि मी टाइपरायटरवर बसलो. आता कॉम्प्युटर आहे. माझ्या हातचा कागद कोर्टात पडल्याचं अजून कोणी मला दाखवलेलं नाही. हे मी मुद्दाम सांगतो. पुढे उपयोगी आहे.

सुमतीबाई शेवटी गेल्या. रागाने पदर खोचून, रस्ता ओलांडून बाकावर बसल्या. तिथून त्या माझ्याकडेच बघत होत्या.

साहेबांना आपला फ्लॅट सुमतीबाईंच्या नावावर करायचा होता. दोघं एकतीस वर्षं एकत्र राहत होती. लग्न नव्हतं. सुमतीबाईंचा नवरा फार पूर्वी अकोल्याहून त्यांना टाकून निघून गेला होता. घटस्फोट झाला नाही. तो आहे की गेला, हे त्यांनाही माहीत नाही. मग लग्न कसं करणार? सोसायटीत मात्र सगळे त्यांना रणदिवेवहिनीच म्हणायचे. कोणी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही.

साहेबांचा एक पुतण्या होता, वारलेल्या सख्ख्या भावाचा मुलगा. जवळचं दुसरं कोणी नाही. कागद न करता साहेब गेले असते तर घर पुतण्याचं झालं असतं. सुमतीबाईंना दुसऱ्या दिवशी बॅग भरावी लागली असती.

“गिफ्ट करून टाकतो. आजच,” साहेब म्हणाले.

मी त्यांना समजावलं. हयातीत घर दिलं तर ते बक्षीसपत्र. त्यावर स्टँप ड्युटी लागते. नात्यातल्यांना त्यात सूट आहे, बाईंना नाही, कारण कायद्याच्या लेखी त्या साहेबांच्या कोणीच नाहीत. वर इन्कम टॅक्स. बायकोला घर दिलं तर टॅक्स नाही. परक्या बाईला दिलं की तेवढी तिची कमाई झाली असं सरकार धरतं. तो टॅक्स भरायला त्यांना तेच घर विकावं लागलं असतं.

“आणि मृत्युपत्र केलं तर?”

“मेल्यावर मिळालेल्या घरावर आपल्याकडे टॅक्स नाही. पूर्वी होता म्हणतात, आता नाही. नातं असो नसो. मृत्युपत्रच करा.”

“अच्छा. मग लिहा. माझी पत्नी सुमती हिला...”

मी बोटं कीबोर्डवरून उचलली.

“पत्नी लिहिणार नाही.”

“तुम्ही कोण ठरवणार?”

“लग्नाचं सर्टिफिकेट आहे का?”

साहेब लाल झाले. “एकतीस वर्षं, सावंत! माझ्या दोन ऑपरेशनांत माझं सगळं हिनं केलंय. आणि तुम्ही सहावी पास माणूस मला शिकवणार, पत्नी कोणाला म्हणतात?”

“तुम्ही घरी काहीही म्हणा. मी कागदावर लिहिणार नाही.”

ते उठले आणि निघून गेले. मी बोलावलं नाही. गिऱ्हाईक गेलं तर दुसरं येतं.

आठ दिवसांनी परत आले. हातात वकिलाने करून दिलेला इंग्रजी मसुदा, पांढराशुभ्र कागद. त्यात पहिल्याच ओळीत ‘माझी पत्नी’.

“एवढा मोठा वकील लिहितो, तुम्हाला काय अडचण आहे?”

“मग त्याच्याकडूनच करून घ्यायचं होतं. परत का आलात?”

साहेबांनी मसुद्याची घडी केली. मग म्हणाले, “तुमचं ते बोलणं डोक्यातून जात नाही.”

मी त्यांना खुर्ची दिली. म्हणालो, “साहेब, तुम्ही गेल्यावर पुतण्याचा वकील सगळ्यात आधी लग्नाचा पुरावा मागणार. तो नाही. मग म्हणणार, बघा, म्हाताऱ्याकडून बाईनं खोटं लिहून घेतलं. एक खोटं सापडलं की बाकीचं खरं कोण ऐकतो? खरं तेच लिहा. लग्न झालेलं नाही, हे तुम्हीच आधी सांगा. पुतण्याला का देत नाही, तेही लिहा. मग त्याच्याकडे उघडं पाडायला काही उरत नाही.”

“म्हणजे एकतीस वर्षं जे झाकलं ते स्टँप मारून जाहीर करायचं.”

“हो.”

त्यांनी चष्मा पुसला. “तिला विचारतो,” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी एकटेच आले. “ती म्हणाली, वडिलांचं नाव लावा. सुमती गोविंद पाठारे. लिहा.”

मी लिहिलं. साक्षीदार म्हणून ते ऑफिसातले दोन जुने मित्र आणणार होते. मी नाही म्हणालो. अठ्ठ्याहत्तरच्या माणसाचे मित्र अठ्ठ्याहत्तरचेच. उद्या कोर्टात कोण उभं राहणार? ऑफिसच्या गेटवर पैसे घेऊन सही करणारे भेटतात, तेही नकोत. मी सोसायटीतला तरुण डॉक्टर आणि शेजारचा सरदारजी बोलावला. डॉक्टरकडून साहेबांचं डोकं ठिकाणावर असल्याचं सर्टिफिकेटही घेतलं.

आत सब-रजिस्ट्रारने विचारलं, “ये सुमती जी आपकी कौन हैं?”

साहेबांनी टेबलाची कड धरली. “साथ रहते हैं. शादी नहीं हुई.”

कोपऱ्यातला क्लार्क हसला. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो फायलीत शिरला. साहेबांनी सही केली.

दीड वर्षाने साहेब गेले. पुतण्याने केस टाकली. म्हणणं असं की बाईने बायको असल्याचं सोंग केलं, म्हाताऱ्याला आणून बसवलं आणि घर लिहून घेतलं.

मला कोर्टातून बोलावणं आलं. मी धुतलेला सदरा घालून गेलो. पुतण्याच्या वकिलाने सुरुवात केली, “कहां तक पढे हो?”

“छठी तक.”

“तो इतना बडा कागज तुमने अपने दिमाग से बनाया?”

“जी. गलती हो तो बताइए.”

त्याने पान उलटलं. गलती सांगितली नाही. “वसीयत के वक्त ये महिला बगल में बैठी थी ना?”

“नहीं. सामने चायवाले के यहां बैठी थी, वो भी पहले दिन. मैंने भगाया था. बहुत नाराज थी.”

सोंगाचं म्हणणंही टिकलं नाही. लग्न झालेलं नाही हे कागदातच होतं, साहेबांच्या सहीने. डॉक्टर येऊन साक्ष देऊन गेला. घर सुमतीबाईंकडे राहिलं.

पण पुतण्याने त्या कागदाच्या कॉप्या सोसायटीत वाटल्या होत्या. रणदिवेवहिनी म्हणणं एका दिवसात बंद झालं. काही जण पाठारे मॅडम म्हणतात. काही जण लिफ्टमध्ये मोबाइल बघतात. ते माझ्या कागदाने झालं. मी नाकारत नाही.

मागच्या महिन्यात सुमतीबाई आल्या, एकट्या, रिक्षाने. टेबलापुढे उभ्याच राहिल्या.

“आज कुठे बसू, सावंतभाऊ? त्या बाकावर?”

मी उठून माझी खुर्ची दिली. “आज घर तुमचं आहे. आज तुम्ही इथे.”

त्यांना स्वतःचं मृत्युपत्र करायचं होतं. घर भाचीला द्यायचं. घर कोणाकडून आलं ते लिहावं लागतं. मी टाइप केलं, ‘वसंत रणदिवे यांच्याकडून’, आणि थांबलो.

“यांना काय लिहू?” मी विचारलं.

त्यांनी स्क्रीनवरचं नाव वाचलं. मग म्हणाल्या, “एवढं पुरे.”

रस्त्यापलीकडे बाकावर त्यांची भाची बसली होती. रागावलेली दिसत होती. तिला आत येऊ दिलं नव्हतं. मी नाही, सुमतीबाईंनीच.

ज्याला घर द्यायचं त्याला कागदापासून लांब बसवावं. त्याला वाईट वाटतं. वाटू द्यावं.