हिरव्या डागाखाली

मालवणच्या किनाऱ्याजवळ आमची होडी सावकाश फिरत होती. सोनार यंत्राने सोडलेला आवाज तळाला आपटून परत येई आणि पडद्यावर रंग उमटत. एका जागी हिरवा डाग दिसला. ते समुद्री गवत असेल, तर ते उपटलं जाऊ नये म्हणून पर्यटकांच्या होड्यांना तिथे नांगर टाकायला बंदी होणार होती. पण उथळ पाण्यात यंत्र कधीकधी वाळूलाही गवत समजतं. म्हणून माझी सहकारी मेघना बुडी मारून बघायला उतरली.

ती वर आली ती हसतच. “गवतच आहे गं! आणि एका पात्याला शेपटी गुंडाळून समुद्रघोडा झुलतोय!”

आम्ही दोघी वेड्यासारख्या ओरडलो. दुरून केलेला अंदाज जवळ जाऊन खरा निघावा, आणि वर असं काही मिळावं, जे अंदाजात नव्हतंच!

“थांब, मीही येते,” म्हणत मी पाण्यात उडी टाकली.